उसनी पिसं

मागच्या आठवड्यात स्टेटस कॉलवर क्लायंटकडचा मॅनेजर म्हणाला, "शुक्रवारी दुपारनंतर मी नाही. मुलीबरोबर कॅम्पला चाललोय." जानेवारीत, बर्फात, दोन रात्री. फक्त बाप आणि लेकी, आयांना प्रवेश नाही. मग हसत सांगायला लागला, की त्याची बहीण लहान होती तेव्हा या गटाला 'इंडियन प्रिन्सेस' म्हणायचे... आणि एकदम थबकला. कॉलवर आम्ही पाचही जण पुण्याचे! 'इंडियन' या शब्दाचा घोळ कोलंबसाने घालून ठेवलाय, निस्तरतोय कोण? असो. वीकेंडला म्हटलं, बघू तरी हे काय प्रकरण आहे. आणि चांगलाच अडकलो.

गोष्ट सुरू होते १९२६ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. तिथल्या वायएमसीएमध्ये हॅरॉल्ड केल्टनर नावाचे गृहस्थ कामाला होते. ते कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात शिकार-मासेमारीला जात, तेव्हा त्यांचा वाटाड्या असायचा जो फ्रायडे, ओजिब्वे जमातीचा. एकदा शेकोटीपाशी बसलेले असताना जो बोलून गेला, की तुम्हा गोऱ्यांच्यात पोरं वाढवते आई, आमच्यात मुलाला बाप शिकवतो. रानात नेतो, माग काढायला शिकवतो, जगायचं कसं ते दाखवतो.

केल्टनरना हे फार लागलं. तो काळच तसा होता. बाप सकाळी ऑफिसला जाणार, संध्याकाळी दमून येणार, पेपर वाचणार, झोपणार. (ओळखीचं वाटतंय ना? फक्त पेपरच्या जागी मोबाईल घाला.) केल्टनरनी जोला सेंट लुईसला बोलावलं, त्याची भाषणं ठेवली. गंमत म्हणजे भाषणानंतर मुलांपेक्षा त्यांचे बापच त्याला जास्त गराडा घालायचे. त्यातून 'इंडियन गाईड्स' निघालं. मुलगा आणि बाप जोडीने सभासद. सात-आठ जोड्यांची एक 'ट्राईब'. आळीपाळीने एकेकाच्या घरी बैठक, हाताने काहीतरी बनवायचं, गोष्टी सांगायच्या, अधूनमधून कॅम्प. डोक्याला पिसं, अंगात झालरीचं जाकीट, प्रत्येकाला एक 'इंडियन' टोपणनाव.

मुलींचा नंबर बराच उशिरा लागला. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या वायएमसीएमध्ये बाप-लेकींसाठी 'इंडियन प्रिन्सेस' सुरू झालं. खरं तर ओजिब्वे लोकांत राजकन्या नावाची भानगडच नाही, कारण तसा राजा नाही. ही राजकन्या आली गोऱ्यांच्या कल्पनेतून. पण त्या काळच्या बापाने केजीतल्या मुलीला घेऊन बायकोशिवाय दोन रात्री बाहेर राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा. वेणी कोण घालणार? रात्री रडली तर? माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं मर्म पिसांत नाही, त्या वेणीत आहे. त्या दोन दिवसांत बापाला पळवाट नसायची.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण १९२६ च्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहिल्या की घास अडकतो.

अमेरिकेत पेन्सिल्वेनियातली कार्लाईल शाळा १८७९ मध्ये निघाली. आदिवासी मुलांना घरापासून शेकडो मैल दूर आणायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा. ती शाळा १९१८ मध्ये बंद झाली, पण तिच्या नमुन्यावरच्या कितीतरी चालूच राहिल्या. कॅनडात, म्हणजे जो फ्रायडेच्याच देशात, १९२० मध्ये कायदा दुरुस्त करून ७ ते १५ वर्षांच्या आदिवासी मुलांना शाळेत डांबायचा अधिकारच सरकारने घेतला. म्हणजे सेंट लुईसचे साहेब लोक आदिवासी बापाकडून बापपण शिकत होते, तेव्हा खऱ्या आदिवासी बापाकडून त्याचं पोर सरकार काढून नेत होतं. बरं, हे जुन्या काळातच संपलं असंही नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत याविरुद्ध कायदा झाला. त्याआधीच्या पाहण्यांत आढळलं होतं, की २५ ते ३५ टक्के आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून पालकघरांत, दत्तक घरांत नाहीतर संस्थांत ठेवलेली होती. तोवर 'प्रिन्सेस' सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती.

त्या बापांना हे कुणी सांगितलं नसेल, हे मला मान्य आहे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आदिवासी संघटना आक्षेप घेत राहिल्या आणि शेवटी २००३ च्या सुमारास वायएमसीएने नाव बदलून 'ॲडव्हेंचर गाईड्स' केलं. पिसं गेली, कॅम्प राहिला. काही गटांना हे पटलं नाही. ते वायएमसीए सोडून जुन्याच थाटात स्वतंत्रपणे चालू लागले. "आम्ही तर सन्मानच करतो" हे त्यांचं म्हणणं. सन्मान करताना ज्याचा करायचा त्याला विचारायचं असतं, एवढं साधं गणित यात सुटलेलं दिसतं.

वाचताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. ओजिब्वे लोकांत जुन्या, पवित्र गोष्टी सांगायचा एक ऋतू असतो. जमिनीवर बर्फ असेल तेव्हाच त्या सांगायच्या, उन्हाळ्यात नाही. आणि त्या निवासी शाळांतल्या मुलांना घरी जायला मिळायचं, मिळालंच तर, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत.