ज्ञानोदय: मिशनच्या पत्रात स्थानिक लेखणी

लहानसे धार्मिक पत्र काढायचे तर छापखाना, कागद आणि टपाल एवढे आधी जमवावे लागते. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांना हे कठीण नव्हते. कठीण होते ते स्थानिक लिहिणारे मिळणे, आणि मिळाल्यावर त्यांना आपल्या शब्दांत लिहू देणे. या टिपणात हा प्रश्न ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती पत्राच्या आधारे पाहू.

हेब्बाळला माझ्या वर्गात बसणाऱ्या कन्नड विद्यार्थ्यांना ‘मंगळूर समाचार’ हे नाव माहीत असते. हर्मन मोग्लिंग या बासेल मिशनच्या धर्मोपदेशकाने 1 जुलै 1843 रोजी काढलेले, शिळाछापावर छापलेले हे पहिले कन्नड वृत्तपत्र. ‘ज्ञानोदय’ त्याहून एक वर्षाने मोठे. जून 1842 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ते अहमदनगर येथे सुरू केले. पहिले संपादक हेन्री बॅलेंटाइन. पुढे काही वर्षांतच ते मुंबईला हलवले गेले. मराठीत तोवर ‘दर्पण’ (1832) आणि ‘प्रभाकर’ (1841) निघाले होते, म्हणजे वर्तमानपत्र वाचणारा वर्ग तयार होऊ लागला होता, पण तो फारच लहान होता.

पत्राचा हेतू उघड होता: ख्रिस्ती मताचा प्रसार. त्याबरोबर विज्ञान, भूगोल आणि बातम्याही येत. हिंदू रूढींवर टीका असे. ती पुष्कळदा एकांगी आणि बोचरी होती, हे मान्य करूनच हे अंक वाचावेत. परदेशी माणसाने शिकून लिहिलेली मराठीही चटकन ओळखू येते. व्याकरण बिनचूक, पण वाक्य घरचे वाटत नाही.

तरीही याच पत्राने एक दार उघडे ठेवले. मुक्ता, म्हणजे मुक्ताबाई, ही मांग समाजातील मुलगी जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोख आहे. बाळंत होणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्परही नसते, हे ती लिहिते. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती, आणि तिचा निबंध प्रवचनही नव्हे. पण धर्म कोणाचा, हा प्रश्न त्या काळी इतक्या सरळपणे फार थोड्यांनी विचारला असेल. मला स्वतःला त्या दशकातील अंकांमध्ये याहून मोलाचे दुसरे काही वाटत नाही.

पुढच्या पिढीत ख्रिस्ती झालेले मराठी लेखक आले. बेळगावचे बाबा पदमनजी (1831–1906) हे त्यांतले ठळक नाव. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये विधवांच्या स्थितीवरची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. त्यांचे गद्य स्वच्छ आहे. भक्तीचा सूर मात्र त्यात क्वचित लागतो.

तो सूर लागला नारायण वामन टिळकांकडे. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्म, 1895 मध्ये बाप्तिस्मा. घर सुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. ज्ञानेश्वर-तुकाराम मात्र सुटले नाहीत. पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. (ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याची वाट फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त 1616 मध्येच घालून दिली होती, पण ती गोव्याकडची, आणि मधे जवळजवळ तीनशे वर्षे गेली.) 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे आले. सत्तर वर्षे झाली होती पत्र निघून.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्याने बाप्तिस्मा घेतला असो वा नसो, त्याला तिथे जागा होती. ही कल्पना अनेक मिशनऱ्यांना पेलली नाही. टिळक 1919 मध्ये वारले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण कधी मिळाले नव्हते, पूर्ण केले.