परीटघडी

रौप्यमहोत्सवासाठी आपल्या इमारतींना रंग काढला, तेव्हा खिडक्यांच्या काचा पुसायला दोन वेगवेगळी माणसं आली होती, हे बऱ्याच सभासदांना आठवत असेल. एकाकडे बादली, साबण आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दुसऱ्याकडे लांब दांडी आणि तिच्या टोकाला रबरी पट्टी. ए विंगने वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं, कारण तो नेहमीचा. त्याने बोअरच्या पाण्याने काचा पुसल्या आणि दुपारच्या उन्हात त्यांवर पांढरे ठिपके उमटले. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे, हे ज्यांनी दोन-दोन गीझर बदललेत त्यांना सांगायला नको. रबरी पट्टीवाला काचेवर पाणी वाळूच देत नव्हता, वरून खाली ओढून काढून टाकायचा. (ही पट्टी नवी नाही बरं का. एट्टोरे स्टेकोने नावाच्या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन माणसाने तिचं पेटंट १९३६ साली घेतलं.) दुसऱ्या दिवशी बी आणि सी विंग पट्टीवाल्याकडे गेल्या. तळमजल्यावरच्या एक काकू मात्र जुन्यालाच धरून राहिल्या. त्यांचं म्हणणं, "तो कोपरे पुसतो. पट्टी कोपऱ्यात जात नाही." हेही खरंच होतं.

स्मरणिका समितीने मला पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहायला सांगितलं होतं. तो अहवालात आहेच, आणि तो कोणी वाचत नाही हे मला बँकेतल्या नोकरीपासून माहीत आहे. त्या दोन काचवाल्यांकडे बघताना मला आपल्या शहरातले परीट आठवले. तोच प्रकार तिथे साठ-सत्तर वर्षं चालला, म्हणून त्याविषयी लिहितो.

आपलं शहर १४९० मध्ये अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी वसवलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या पिढीच्या तोंडी नगरच बसलंय, तेव्हा सांभाळून घ्यावं. नदी आली की धुणं आलं. खेड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला रोख पैसा मिळत नसे, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. त्रिं. ना. आत्रे यांचं १९१५ सालचं 'गांव-गाडा' हे पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना बलुत्याची ही सगळी रीत ठाऊक असेल. धुण्याबरोबर लग्नात पायघड्या घालण्याचा मानही परिटाचा. शहरात बलुतं नव्हतं. तिथे शेकड्याचा दर असायचा, म्हणजे शंभर कपड्यांमागे इतके रुपये. माझी आई छोट्या वहीत लिहून ठेवायची: धोतरं चार, चादरी दोन, सदरे सहा. महिनाअखेरीला हिशोब आणि एखाद्या हरवलेल्या टॉवेलावरून वाद. वाद मिटला की चहा.

आता धुण्याची पद्धत. तरुण सभासदांना वाटतं, परीट म्हणजे नदीवर दगडावर कपडे आपटणारा. आपटणं हा शेवटचा भाग होता. खरं काम रात्री भट्टीत व्हायचं. कपडे आधी सोड्याच्या किंवा खाराच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, आणि मोठ्या हंड्याभोवती व तोंडावर रचायचे. खाली जाळ. हंड्यातल्या पाण्याची वाफ रात्रभर त्या थरांतून वर चढायची. खार आणि वाफ मिळून कपड्यातलं तेल, घामाचा चिकटपणा सुटून यायचा, त्याचा जवळजवळ साबणच व्हायचा म्हणा ना. सकाळी नदीवर नेऊन आपटलं की तो मळ पाण्याबरोबर निघून जाई. मग नीळ, मग तांदळाची खळ, मग वाळवंटावर ऊन. शेवटी कोळशाच्या पितळी इस्त्रीने घडी. त्या घडीवरून 'परीटघडी' हा शब्द मराठीत आला आणि अजून टिकून आहे.

शंभर घरांचे पांढरे कपडे एका भट्टीत गेले तरी ते आपापल्या घरी परत कसे यायचे? बिब्ब्याने. बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यावर खूण करायची, वरून चुना लावायचा, की ती काळी खूण सोड्याने जात नाही, उन्हाने जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ ही आमच्या घराची. अक्षरओळख नसलेला माणूस शेकडो घरांच्या खुणा डोक्यात ठेवायचा. मी बँकेत तीस-पस्तीस वर्षं लेजर सांभाळलं, पण एवढी खाती मला कधी तोंडपाठ नव्हती. आईच्या वेळची एक चादर आमच्याकडे अजून आहे. विरली आहे, पण खूण ठसठशीत आहे.

या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. बटणं फुटायची. बाही उसवायची. "परटाने फाडलं" हे वाक्य घरोघर ऐकू यायचं. आणि रेशीम किंवा लोकर कोणी शहाणा माणूस भट्टीत देत नसे, कारण खार त्यांना खातो. त्यासाठी घरी रिठे. तरीही परटाचं गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण सुती कापड हे सगळं सोसायचं आणि तितकं पांढरं घरी कोणाला काढता येत नव्हतं. साबण बाजारात नव्हता असं नाही. 'सनलाइट'च्या वड्या १८८८ सालीच कलकत्त्याला उतरल्या होत्या. पण आपल्या विहिरींच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा दह्यासारखा साका होतो आणि कपड्यावर करडा थर बसतो. परटाकडे नदीचं पाणी होतं आणि सोडा होता.

मग गिऱ्हाईक गेलं कशाने? माझ्या मते लॉन्ड्रीने नाही आणि मशीननेही नाही. कापडाने नेलं. १९६० नंतर टेरिलीन आलं, मग टेरिकॉट. माझ्या वडिलांनी पहिला टेरिकॉटचा शर्ट घेतला तेव्हा तो शेजारी दाखवून आणला होता. हे कापड उकळत्या वाफेत मऊ पडतं आणि दाबाखाली पडलेली सुरकुती तशीच कायमची बसते. भट्टीतून निघालेला टेरिकॉटचा शर्ट पुन्हा सरळ करणं देवाच्या बापालाही जमत नसे. आणि दुसरीकडे तोच शर्ट घरी बादलीत बुचकळला की पाच मिनिटांत स्वच्छ, तासाभरात वाळलेला, इस्त्री नसली तरी चालेल असा. जे कापड परटाकडे बिघडत होतं, ते घरी आपोआप धुतलं जात होतं.

त्यात पावडर आली. 'सर्फ' १९५९ सालचं, पण ते महाग, साहेब लोकांच्या घरचं. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल यांनी घराच्या परसात 'निरमा' बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ती पिवळी पावडर आपल्या कापड बाजारापासून भिंगारपर्यंत सगळ्या दुकानांत दिसू लागली. स्वस्त तर होतीच, पण नगरच्या दृष्टीने तिचा खरा गुण वेगळा: जड पाण्यातही ती फेसाळते, साका होत नाही. परटाजवळ जी पाण्याची सोय होती, तिची किंमतच राहिली नाही. मधे १९७२चा दुष्काळ येऊन गेला. नदीत पाणी नाही, परटांनी गाठोडी घेऊन विहिरी शोधल्या. तेव्हा घरी धुवायला लागलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी पुन्हा परटाकडे वळल्या नाहीत. आमच्या घरी वहीतली पानं तिथेच संपलेली आहेत.

१९६९ सालीच १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि इथे माझा या गोष्टीशी संबंध येतो. राष्ट्रीयीकरणानंतर लहान धंदेवाल्यांना कर्ज द्यायचं धोरण आलं. १९७२ पासून तर चार टक्के व्याजाची योजनाही होती, आम्ही तिला डी.आर.आय. म्हणायचो. मी तेव्हा अधिकारी होऊन दोनेक वर्षं झाली होती. सीनेकाठचे एक परीट अर्ज घेऊन आले. वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना ड्रायक्लीनिंगचं जुनं मशीन घ्यायचं होतं. पुण्यात कोणी विकत होतं.

"सायेब, दगडाचे दिवस गेले बघा," ते म्हणाले. "टेरिकाट भट्टीत घातलं की चुरमडतंय. लोकं सूट-कोट, भारी साड्या घेऊन यायलेत, मी माघारी पाठवितो. मिशीन द्या."

मी म्हणालो, "मामा, एवढं कर्ज या योजनेत बसत नाही. इस्त्री, टेबल आणि सायकल एवढ्याचं मी करून देतो."

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. पण नियमापलीकडे मी अहवालात स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं, की या व्यावसायिकाला यंत्र पेलणार नाही. ते मला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली शंभर घरांच्या खुणा होत्या आणि मी त्यांना यंत्र पेलणार नाही असं लिहिलं.

ड्रायक्लीन म्हणजे कोरडं धुणं असं नव्हे, हे जाता जाता सांगतो. कपडा ओलाच होतो, फक्त पाण्याऐवजी द्रावणाने. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात कोणाच्या तरी टेबलक्लॉथवर दिव्याचं तेल सांडलं आणि तेवढा भाग स्वच्छ निघाला, अशी तिची जन्मकथा सांगतात. आपल्याकडे लहान शहरांत बरीच वर्षं पेट्रोलनेच धुवायचे. दुकानात शिरलं की तोच वास. पाण्यात आटणारी लोकर, रंग सोडणारं रेशीम, लग्नातला शालू हे सगळं तिकडे गेलं. ज्याच्याकडे घरचं भांडवल होतं त्याने मोठ्या रस्त्यावर दुकान टाकलं, काउंटर केला, छापील पावती दिली. मामांची चांगली घरं तिकडे गेली.

मामांनी कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही. सायकलवर गाठोडं बांधून ते नव्या वसाहतींत फिरायचे. धुणं सोडलं, नुसती इस्त्री धरली. पुढे सावेडीकडे बंगले आणि इमारती वाढल्या, तेव्हा त्यांच्या मुलाचं त्या एका इस्त्रीवर बरं चाललं होतं. म्हणून काही मित्र मला म्हणतात, तू त्यांचं भलंच केलंस. असेलही. पण भट्टी, खळ, नीळ, बिब्बा, पायघड्या या सगळ्या विद्येतलं शेवटचं पाऊल तेवढं त्यांच्या हाती राहिलं, आणि कोणतं राहावं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

भट्टी सगळीकडे एकदम विझली नाही. आपल्याकडे १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला तेव्हापासून लष्कराचा वावर आहे, आणि गणवेशाला कडक खळ लागते. त्यामुळे कॅम्पातले धोबी शहरातल्यांपेक्षा बरीच वर्षं जास्त टिकले. तिथेही मिश्र कापड आलं तेव्हा काम उतरलं. मुंबईला महालक्ष्मीचा धोबीघाट अजून चालू आहे, तो घरच्या शर्टांवर नाही, तर हॉस्पिटल-हॉटेलांसारख्या ठिकाणच्या ठोक कामावर. पांढऱ्या सुती चादरींना आजही तीच पद्धत सोसते. नव्या पद्धतीने जुनी मारली असं आपण सहज म्हणतो, ते मला पटत नाही. जिथे कापड तेच राहिलं तिथे गिऱ्हाईकही राहिलं.

आणि माणूसही कारण असतोच. आमच्या आळीतल्या एका आजींनी निरमाच्या जमान्यातही परटाला चादरी देणं सोडलं नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तो आला की सीनेपलीकडच्या बातम्या कळतात." याला धुलाईची पद्धत म्हणता येणार नाही.

आता आपल्या गेटजवळच्या इस्त्रीवाल्याविषयी. ते उत्तर प्रदेशातून आलेले, मामांचे कोणी लागत नाहीत. मी विचारलं होतं. सोसायटी २००० साली नोंदली गेली. (त्याच सुमारास राज्यात परीट समाजातल्या गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, हा नुसता योगायोग.) त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते वॉचमनच्या खोलीशेजारी टेबल टाकून उभे राहिले. आधी कोळसा होता. धुराची तक्रार झाली, समितीने नोटीस काढली, त्यांनी गॅसची इस्त्री आणली. जवळजवळ प्रत्येक घरात वॉशिंग मशीन आलं तरी त्यांचं काम कमी झालं नाही, वाढलं, कारण मशीनमधून कपडे पिळवटून निघतात. उलट गेल्या काही वर्षांत लोकांना पुन्हा सुती कुर्ते आणि हातमागाच्या साड्या आवडायला लागल्यात, त्यांना खळ लागते. ती ते करून देतात, सांगितलं तर. कपड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावतात. मी त्यांना आमची चादर दाखवली. त्यांनी बिब्ब्याच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हमारे बाबा भी ऐसा ही लगाते थे."

तीन महिन्यांपूर्वी एका लॉन्ड्री कंपनीचा प्रस्ताव समितीकडे आला आहे. मोबाइलवर मागणी नोंदवायची, पिशवी गेटवरून उचलणार, किलोवर दर, वाफेची इस्त्री. त्यांना पिशव्या ठेवायला नेमकी तीच जागा हवी आहे आणि ते सोसायटीला दरमहा भाडं देणार आहेत. इस्त्रीवाले भाडं देत नाहीत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याला इस्त्री तेवढी करून देतात. जमाखर्च बघणारा माणूस म्हणून भाड्याची रक्कम मला दिसते. ती छोटी नाही. तरी माझं मत असं आहे की कंपनीला पिशव्यांसाठी जिन्याखालची जागा द्यावी आणि गेटजवळचं टेबल आहे तिथेच राहू द्यावं. सभासद ज्याला जे द्यायचं ते देतील. टेबल हलवायचं असेल तर त्यांनाही सभेत बसवून विचारावं, आणि त्यांना काय पेलेल हे आपण आधीच लिहून मोकळं होऊ नये.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सातव्या क्रमांकावर आहे. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते तेव्हा पुष्कळ जण चहा पिऊन घरी जातात. कृपया या वेळी थांबावं.