नोटीस पोचली का हो?

आपल्या संस्थेचा खरा इतिहास नोटिशींच्या फायलीत आहे, असे माझे स्पष्ट मत. पंचवीस वर्षांत पंप बदलले, रंग बदलले, समित्या बदलल्या. सभेतला वाद मात्र तोच. नोटीस पोचली की नाही?

वेंगुर्ल्याला हा प्रश्न जुनाच. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती. महत्त्वाच्या पत्राच्या एकाहून जास्त प्रती काढून ती कंपनी वेगवेगळ्या जहाजांतून धाडी; एक बुडाले तर दुसरे पोचेल. पुढे मुंबईची बोट बंदराला लागू लागली, चाकरमान्यांच्या मनिऑर्डरी येऊ लागल्या. घरच्यांच्या सही-अंगठ्याची पावती उलट मुंबईला गेली की तिकडे जिवात जीव.

आपणही सुरुवातीला हीच रीत ठेवली. इथल्यांची वहीत सही, मुंबईकरांना पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचे कलम २७ सांगते की नीट पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टर केलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलेच असे धरायचे. मोठा आधार होता हो त्याचा! (२०२५ साली रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झाले.)

मग ईमेल आला. टपालखर्च वाचला म्हणून सगळे खूश. त्यातच गच्चीच्या दुरुस्तीची सभा लागली. प्रत्येकाला मोठी वर्गणी बसणार होती. त्या वेळच्या समितीने ‘वाचल्याची पोच द्या’ अशी खूण करून नोटीस पाठवली. पोच आली मोजक्यांचीच. ठराव झाला आणि मस्कतहून एका सभासदाचा फोन: “माका तुमची नोटीस गावलीच नाय!” पावसाळा तोंडावर, आणि ठराव अडकला.

छडा लावायचे काम माझ्याकडे आले. एकेकाला फोन करून विचारले. दोघांचे पत्ते जुन्या नोकरीतले, बंद झालेले. ती पत्रे ‘मेलर-डेमन’च्या इंग्रजी निरोपासह परत आलेली, पण तो निरोप कोण वाचतो! मस्कतकरांची नोटीस स्पॅमच्या कप्प्यात पडून. बाकीच्यांनी वाचली होती, तरी पोच नाही. कारण साधे आहे. ही पोच म्हणजे नुसती विनंती. १९९८ साली तिचा नियम ठरला तेव्हाच ती द्यायची की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले गेले. घरगुती जीमेलमध्ये तर ती सोयच नाही. पोस्टमन सही घेतल्याशिवाय हलत नसे. संगणक तसा हटून बसत नाही.

आपली संस्था नोंदली गेली त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० रोजी, माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, सभासदाने दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत पत्र शिरले की ते मिळाले. पण कलम १२ ची खोच बघा: ‘पोच आली तरच ग्राह्य’ अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल, तर पोच येईपर्यंत ते पत्र पाठवलेच नाही असे धरतात. आपल्या नोटिशीत अशी अट नाही. पुढच्या समित्यांनीही ती घालू नये.

तरी शेजारधर्म म्हणून सभा पुन्हा घेतली. पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस काढली, डचांसारखी तीन वाटांनी: ईमेल, टपाल आणि फोन. ठराव झाला, मृगाआधी गच्ची झाली. मस्कतकरांचा वाटा सर्वांत आधी जमा झाला. ईमेलची पोच तेवढी अजून यायची आहे.