झाशीचा अर्ज

झाशीच्या राणीसाहेबांची तलवार सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे अर्ज मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतला होता. १८१७ च्या तहाने कंपनीने झाशीचे राज्य त्यांच्या घराण्याकडे वंशपरंपरेने मान्य केले होते. लक्ष्मीबाईंनी त्या तहावरच बोट ठेवून गव्हर्नर-जनरल डलहौसी याच्याकडे दाद मागितली; जॉन लँग या वकिलाचा सल्लाही घेतला. परंतु तहातील एक पक्षकार हाच न्यायाधीश! १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि लंडनच्या संचालक मंडळाने तेच कायम केले. प्रतापसिंह महाराजांसाठी साताऱ्याच्या रंगो बापूजींनी तर लंडनमध्ये सुमारे १४ वर्षे वेचली, तीही व्यर्थ.

तिसरा पंच तेव्हा नव्हताच. पुढे १९२० मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला. पण १९३६ मध्ये जिनीव्हास जाऊन हैले सेलासी याने मांडलेल्या गाऱ्हाण्याने ॲबिसिनिया वाचला नाही. आज हेग येथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. मात्र प्रतिवादी राष्ट्राच्या संमतीवाचून तेथे खटला उभा राहत नाही. निकाल मोडला गेल्यास दाद मागावयाची ती सुरक्षा परिषदेकडे, आणि तेथे पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे. त्या पाचांत ब्रिटनही आहे.