बेकर–वेंकटरामन पुनर्रचना

कार्बनी रसायनशास्त्रातील एक महत्त्वाची विक्रिया. ऑर्थो-हायड्रॉक्सिॲसिटोफिनोनाच्या एस्टरावर क्षारकाची क्रिया केली असता ॲसिल गट ऑक्सिजनाकडून कार्बनाकडे स्थलांतर करतो व १,३-डायकीटोन मिळते. अम्लाच्या सान्निध्यात त्यातून पाण्याचा रेणू निघून गेला म्हणजे वलय पूर्ण होऊन फ्लॅव्होन तयार होते. वनस्पतींतील अनेक पिवळी रंगद्रव्ये या वर्गातील आहेत. आधुनिक वर्णपटीय उपकरणे सर्रास उपलब्ध नव्हती, त्या काळी अनुमानित संरचनेचे संयुग प्रयोगशाळेत बनवून ते नैसर्गिक द्रव्याशी ताडून पाहणे हाच संरचनेचा निर्णायक पुरावा मानला जाई. अशा पुराव्यासाठी ही विक्रिया फार उपयोगी पडली.

कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–८१) मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून भारतात परतले व पुढे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करू लागले. तेथे एच्. एस्. महाल यांच्यासह त्यांनी १-ॲसिलॉक्सी-२-ॲसिटोनॅफ्थोनांवर सोडामाइडाची क्रिया अभ्यासली. पहिले टिपण १९३३ मध्ये बंगलोरच्या ‘करंट सायन्स’मध्ये व सविस्तर निबंध १९३४ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३३ मध्येच ऑक्सफर्डचे विल्सन बेकर यांनी पोटॅशियम कार्बोनेट वापरून हाच बदल वर्णिला होता. दोन्ही शोध स्वतंत्र असल्याने विक्रियेस दोघांचीही नावे मिळाली. भारतीय महाविद्यालयात झालेल्या कामावरून नाव पडलेल्या विक्रिया पाठ्यपुस्तकांत फार थोड्या आढळतात.

सोडामाइड (सोडियम अमाइड) हे नावाने ॲसिटामाइडासारख्या कार्बनी अमाइडांचे भाईबंद वाटले, तरी ते अमोनियाचे सोडियम लवण आहे. द्रव अमोनियात सोडियम विरघळवून, लोहलवणाच्या उत्प्रेरणाने ते बनवितात. त्यातील अमाइड आयन ॲसिटिल गटातील मिथिलाचा एक प्रोटॉन ओढून घेतो. मागे उरलेला ऋणभारित कार्बन त्याच रेणूतील एस्टराच्या कार्बोनिल कार्बनावर हल्ला करतो आणि ॲसिल गट आपल्याकडे घेतो. पाण्याशी सोडामाइडाची जोरदार विक्रिया होऊन अमोनिया व सोडियम हायड्रॉक्साइड बनतात. म्हणून विद्रावक व उपकरणे पूर्णपणे निर्जल असावी लागतात. हवा लागून पिवळा पडलेला जुना साठा स्फोटक असू शकतो. या विक्रियाकारकाचा भारताशी आणखी एक, कमी सुखद, संबंध आहे : १९०१ मध्ये फ्लेगर यांनी फिनिल ग्लायसिनापासून नीळ बनविण्याच्या कृतीत सोडामाइड वापरल्यावर उत्पादन बरेच वाढले व भारतातील नीळ-लागवडीच्या ऱ्हासास हातभार लागला.

लाहोरनंतर वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात आले व त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (स्थापना १९५०) पहिले भारतीय संचालक होण्याचा मानही त्यांनाच मिळाला (१९५७–६६). फणसाच्या गाभ्याच्या पिवळ्या लाकडातील आर्टोकार्पिनादी फ्लॅव्होनांवर मुंबईत सुरू झालेले काम येथे पुढे चालले. ज्या झाडाची फळे पुण्याच्या मार्केट यार्डात हंगामात विक्रीस येतात, त्याच्याच लाकडाचा हा रंग होय. त्याच्या संरचनेसाठी संश्लेषित सदृश संयुगांचा आधार घेण्यात आला. फ्लॅव्होनांच्या संश्लेषणात सोडामाइडाची जागा पुढे बहुतांशी पिरिडिनातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सोडियम हायड्राइड इ. हाताळण्यास अधिक सोयीच्या क्षारकांनी घेतली.