बौद्ध धर्म

गौतम बुद्धांच्या उपदेशातून इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात उदयाला आलेला धर्म. शाक्य कुळातील सिद्धार्थाचा जन्म लुंबिनी (आजचे नेपाळ) येथे झाला. गृहत्यागानंतर त्यांनी देहदंडाचा मार्ग आचरून पाहिला आणि सोडला. बोधगयेला ज्ञानप्राप्ती झाल्यावर सारनाथला पाच जुन्या साथीदारांना त्यांनी पहिला उपदेश केला.

दुःख आहे, ते तृष्णेतून उपजते, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये त्या उपदेशाचा गाभा होत. येथे जगनियंता ईश्वर नाही, नित्य आत्माही नाही. जे घडते ते कारणांमुळे घडते आणि कारण सरले की तेही सरते, या प्रतीत्यसमुत्पादावर सारी मांडणी उभी आहे. बौद्ध विचाराचे खरे सामर्थ्य यातच आहे.

हा विचार टिकवला तो भिक्खूंच्या संघाने. त्यात ज्येष्ठता कुळावर नव्हे, दीक्षेच्या क्रमावर ठरे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांनी त्याला आपल्याआधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे ज्येष्ठ म्हणून त्याला वंदन करताना आपला कुलाभिमान गळेल. परंपरेनुसार राजगृहाच्या पहिल्या संगीतीत (भिक्खूंच्या धर्मसभेत) विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे, पठण त्यानेच केले. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी हिच्या आग्रहानंतर स्त्रियांनाही संघ खुला झाला, मात्र भिक्खुणींवर अधिक कडक नियम लादले गेले.

पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली कोवळी रोपे व जीवजंतू चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. त्यातून एका जागी राहण्याचा वर्षावास सुरू झाला. पुढे कायमचे विहार उभे राहिले. सह्याद्रीतील लेणी याच गरजेतून, व्यापारी वाटांलगत, व्यापारी, कारागीर व भिक्खुणींच्याही दानातून कोरली गेली. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत निजायचे दगडी ओटे आणि दाराशी पाण्याच्या पोढी (टाकी) आजही दिसतात.

अशोकाच्या काळात धम्म श्रीलंकेत पोचला. सोपाऱ्यालाही त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. आग्नेय आशियात थेरवाद, चीन-जपानकडे महायान आणि तिबेटात वज्रयान हे पंथ रुजले. भारतात मात्र आश्रयदाते आटत गेले आणि बाराव्या शतकाअखेरीस मगधातील महाविहारही उद्ध्वस्त झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. २०११च्या जनगणनेत भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातील होते. येथील बुद्धविहारांत वर्षावासात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते.