करंदीकर, अभय

दूरसंचार आणि संगणकजाळी या विषयांतील भारतीय संशोधक. ग्वाल्हेरच्या माधव तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेतून अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर आयआयटी कानपूरमधून एम.टेक. आणि पीएच.डी. (१९९४). १९९७ मध्ये ते आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात आले. त्यांचे महत्त्वाचे बहुतेक संशोधन तेथेच झाले. २०१८ पासून ते आयआयटी कानपूरचे संचालक होते आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. मात्र त्यांची ओळख या पदांपेक्षा एका प्रश्नामुळे करून देणे अधिक योग्य: अपुरी बँडविड्थ अनेकांत वाटायची कशी?

प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचे उपाय मांडले. पाठवलेल्या माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवले की पुढे कोंडी आहे असे धरून पाठवणाऱ्याने वेग एकदम घटवायचा, मग बेताबेताने वाढवायचा. इंटरनेटवर माहिती पोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचा हा नियम तारेच्या जाळ्यात चोख चालतो. बिनतारी जाळ्यात पॅकेट सिग्नल क्षीण झाल्यानेही हरवते. पुणे–सोलापूर महामार्गावर भांडगावपाशी एक गाडी पंक्चर होऊन कडेला लागली, म्हणून मोकळ्या रस्त्यावर मागच्या सगळ्यांनी वेग निम्मा करावा, तसे मग टीसीपीचे होते.

करंदीकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर दोन्ही बाजूंनी काम केले. बिनतारी चॅनेलची स्थिती टीसीपीला कळवायची, ही एक बाजू. दुसरी अधिक कल्पक: वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड तंत्रात टॉवरने ग्राहकांना स्लॉट (पाठवण्याच्या वेळा) वाटताना कोणाची टीसीपी विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारी माहिती) किती मोठी आहे आणि कोणाचा टाइमआउट (पोचेची वाट पाहण्याची मुदत) जवळ आला आहे, हे पाहायचे. नाहीतर एकाचे स्लॉट वाया जातात आणि दुसऱ्याचा वेग विनाकारण ढासळतो. गणिती विवेक बोरकर यांच्यासह २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऊर्जेचा हिशेब आहे. चॅनेल सुधारेपर्यंत थांबले तर ऊर्जा वाचते, पण विलंब वाढतो. चॅनेलची सांख्यिकी आधी ठाऊक नसतानाही हा तोल शिकत शिकत साधणारी पद्धत त्यांनी दिली.

पुढे वाटपाचा हाच विचार खेड्यात गेला. टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात देशात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक जागा रिकामी असल्याचे त्यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. या लहरी झाडीतून वाय-फायपेक्षा चांगल्या जातात. पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात या लहरींवर पाडे जोडण्याची चाचणी झाली. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचते आणि पाडे कोरडे राहतात; ही दरी बुजवणाऱ्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. त्यात डॉ. सर्बानी बॅनर्जी बेलूर यांचा वाटा मोठा होता.

खेड्यातील ग्राहक बहुधा एका जागी असतो, तेव्हा वेगवान प्रवाशासाठी आखलेल्या महागड्या यंत्रणेचा भार त्याच्यावर कशाला, हा या कामामागचा युक्तिवाद. याच युक्तिवादावर उभी असलेली, कमी हालचालीच्या ग्राहकांसाठीच्या स्वस्त ब्रॉडबँड जाळ्याची रचना आयईईई संस्थेने २०२४ मध्ये २०६१ या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली.